एक सुमनबाई

नगरच्या एमआयडीसीत ‘गर्भगिरी ऑटो’ नावाचा कारखाना आहे, आणि त्या कारखान्यात वजन किलोत सांगत नाहीत. कागदावर सांगतात, सरकारला लागतं म्हणून. पण शेडमध्ये शिरून एखाद्या वेल्डरला विचारा, की बाबा, हा कॅरिअर किती भार झेलेल, तर तो मान वर न करता म्हणेल, “दीड सुमनबाई.” फोरमन श्रीमंत नव्या चासीवर थाप मारून सांगतो, “ही दोन सुमनबाया घेऊन नाचंल.” पुण्याहून शॉकअप विकायला आलेला एक टायवाला पोरगा बराच वेळ हे ऐकत होता. शेवटी त्याने भीत भीत विचारलं, की सुमनबाई हे माप जर्मन आहे का जपानी? अख्खी शेड हसली, आणि तेवढ्यात ते माप स्वतःच चहाची किटली घेऊन आत आलं.

सुमनबाई भिंगारदिवे म्हणजे मालकाची बायको. आपल्या नावाने लोखंड मोजतात हे तिला पक्कं ठाऊक होतं. “मला काय तराजूत घातलंय व्हय रं मुडद्यांनो?” असं ती दोनचार दिवसांआड एकदा म्हणायची, आणि त्यात राग कमी आणि तोरा जास्त असायचा. तोरा असणारच. तो कारखाना उभा राहिला तोच मुळी तिच्या एका वाक्यावर.

तिचा नवरा भीमराज पाथर्डी तालुक्यातला. बाप कोंडीराम दरसाल कोयता घेऊन उसाच्या फडावर जायचा. पोराने तिकडे फिरकायचं नाही, असा त्याचा दंडक होता, म्हणून भीमराज आयटीआय झाला आणि नगरला फिटर म्हणून चिकटला. लग्न झाल्यावर त्याने एक जुनी मोपेड घेतली, घासूनपुसून नवीसारखी केली. दिवाळीच्या आधी दोघं गावाकडून बाजरी घेऊन नगरला निघाले होते. सुमनबाईला दिवस गेलेले, पोट चांगलं दिसायला लागलेलं. करंजीपर्यंत गाडी झोकात आली. घाट लागला आणि खोकायला लागली. त्या काळी तसल्या गाड्यांची घाटात एक रीतच पडून गेली होती. मागे बसलेल्या बाईने मुकाट्याने उतरायचं, ओझं डोक्यावर घ्यायचं आणि चालत वर यायचं. गड्याने एकट्याने गाडी वर न्यायची आणि सावली बघून बसायचं. सगळे तसंच करत. भीमराज “उतर” म्हणाला, आणि ती उतरली.

तो घाटमाथ्यावर जाऊन एका लिंबाखाली बसला. ती वर आली तेव्हा डोक्यावर पोतं, एक हात कमरेवर, चेहरा लालबुंद झालेला. त्याने पाणी पुढे केलं. तिने घेतलं नाही. “गाडी तुमची, घाट माझा,” एवढंच म्हणाली आणि मागे बसली.

ते वाक्य भीमराजच्या जिव्हारी लागलं. त्याने मोपेडचं मागचं दातेरी चक्र मोठं केलं, फ्रेम कापून परत जोडली, मागची सीट लांबवली, बायकांना दोन्ही पाय टेकता येतील अशी पट्टी लावली. गाडीचा वेग गेला. सपाटीवर सायकलवाले टाटा करून पुढे जायचे. पण पुढच्या उन्हाळ्यात लेक कडेवर आणि पोतं मांडीवर घेऊन सुमनबाई त्याच गाडीवरून घाट चढून आली, आणि उतरली ती थेट घराच्या दारात. पाथर्डीच्या स्टँडवर लोकांनी ती गाडी बघितली. दूधवाले आले, उसाला जाणारी जोडपी आली. आमालाबी अशीच करून द्या म्हणाले. एकाची केली, दुसऱ्याची केली, पत्र्याची शेड आली, मग बँक, परवाने, सरकारी चाचण्या, एमआयडीसीतला प्लॉट. इंजिन बाहेरून घ्यायचं, बाकी गाडी आपली. मोठ्या कंपन्या एका दुपारी जेवढ्या गाड्या बाहेर काढतात तेवढ्या काढायला गर्भगिरीला वर्ष लागतं, आणि भीमराज हे छाती पुढे काढून सांगतो. गाडीचं नाव त्याने ठेवलं घोरपड. धरलं की सोडत नाही म्हणून. अश्विनी, म्हणजे कडेवरची ती लेक, पुण्याला इंजिनिअरिंगला गेली तेव्हा होस्टेलच्या मुली ते नाव ऐकून पोट धरधरून हसल्या होत्या. तिने त्यातल्या दोघींना सुट्टीत घरी आणलं आणि घोरपडीवर बसवून घाट चढवून आणलं. मग त्या हसायच्या थांबल्या.

नवी गाडी निघाली की बाकीचे लोक नारळ फोडतात. भिंगारदिव्यांकडे ते नाही. घरात बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो, आणि धंद्यात घाट. नव्या मॉडेलची परीक्षा ठरलेली होती. भीमराज चालवणार, सुमनबाई मागे बसणार, करंजीपासून घाटमाथ्यापर्यंत. सुमनबाईला उतरावं लागलं नाही, तर श्रीमंत घाटमाथ्यावरच दोन स्क्रू पिळून गाडीवर ‘घोरपड’ची पितळी पट्टी लावणार. उतरावं लागलं तर पट्टी परत त्याच्या खिशात. आजवर ती कधी खिशात परत गेली नव्हती.

यंदा परीक्षेला बसणार होती ती अश्विनीची स्कूटर. बॅटरीवरची, गर्भगिरीची पहिलीच. चाकणची चांगली नोकरी सोडून ती त्यासाठी नगरला परत आली होती, आणि ही स्कूटर तिने जवळजवळ एकटीने कागदावरून रस्त्यावर आणली होती. सरकारी चाचणी पास झाली होती, पण ती सपाटीवरची, वाळूच्या पिशव्या ठेवून केलेली. तिचं अश्विनीला फारसं अप्रूप नव्हतं. तिला हवी होती पट्टी. भीमराजने आयुष्यात कधी कुणाला शाबास म्हटलेलं नव्हतं, पोरीला तर नाहीच. ती पहिली आली तेव्हा त्याने “बरं” म्हटलं होतं. त्याची शाबासकी म्हणजे ते दोन स्क्रू, आणि ते आपल्या गाडीवर बसावेत म्हणून अश्विनी दोन वर्षं झुरत होती.

स्कूटर तिने फार हिशेबाने बांधली होती. मोठी मोटर लावली की बॅटरी मोठी, बॅटरी मोठी की गाडी जड, आणि जड गाडी म्हाताऱ्याकोताऱ्यांना स्टँडवर लावता येत नाही. म्हणून ती मोटर थोडी थोडी लहान करत गेली. दर वेळी काही बदललं की आईला म्हणायची, “चल गं, घाट बघून येऊ,” आणि आईला मागे बसवून घाट चढून यायची. गाडी वर आली की पुन्हा थोडी काटछाट. दुसऱ्या कारखान्यात यासाठी वाळूच्या पिशव्या असतात. गर्भगिरीत असली चैन कधी कुणाला सुचलीच नाही. सुमनबाई घरातच असताना वाळू कशाला लागते?

दसरा होऊन आठवडा झाला होता. शेडमधल्या मशीनवर कामगारांनी घातलेले झेंडूचे हार अजून तसेच होते. सकाळी सगळे टेम्पोत बसून घाटात गेले. घाटमाथ्यावर सतरंजी अंथरली, जिलेबीचा खोका ठेवला, भेळेची परात मांडली. डीलर मंडळीही आली. त्यात राहुरीचे काकासाहेब सगळ्यात पुढे. बोलायला लागले की त्यांना थांबवायला माणूस लागायचा.

“ताई, आमच्याकडं पाटाचं पानी अन् सपाट रान. घाट आमी फकस्त लग्नाला जाताना बघतो,” ते अश्विनीला म्हणाले. “तुमी ही परीक्षा कशापायी घेता? द्या की गाडी अशीच. मी उद्याच्याला फ्लेक्स लावतो.”

“काका, आधी वर येऊ द्या,” अश्विनी म्हणाली.

गाडी वर आली. वळणावरून आधी भीमराजचं पांढरं हेल्मेट दिसलं, मग त्याच्या खांद्याआडून सुमनबाईचं लाल हेल्मेट, त्याखाली घट्ट खोचलेला पदर. पेट्रोलच्या गाडीचा घाटात जो आकांत असतो तो नाही. नुसता बारीक आवाज. सुमनबाई मागे ऐटीत बसली होती आणि मधेच एका टेम्पोवाल्याला तिने हात करून पुढे जायला सांगितलं. गाडी सतरंजीपाशी येऊन थांबली. टाळ्या, शिट्ट्या. भीमराज उतरला, हेल्मेट काढलं, गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, “श्रीमंत, लाव.”

श्रीमंतने गुडघा टेकला आणि स्क्रू पिळले. उन्हात पट्टी चकाकली. अश्विनीच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते कुणाला दिसू नये म्हणून ती आईला उतरवायला पुढे झाली. सुमनबाईचे गुडघे आताशा दुखत, म्हणून तिने आईला कमरेत धरून अलगद उचललं.

आई उचलली गेली. रिकामी पाटी उचलावी तशी.

अश्विनी तशीच उभी राहिली. दोन्ही हातांत आई, आणि डोक्यात सगळं एकदम उलगडत गेलेलं. आईला शुगर होऊन किती वर्षं झाली! मागल्या साली न्यूमोनियाने तिला पार पिळून काढलं होतं. जुन्या फोटोतली सुमनबाई दारात उभी राहिली की दार भरायचं. ही जी हातात होती तिच्या बांगड्या कोपरापर्यंत मागे सरकत होत्या. रोज बघणाऱ्याला ते दिसत नाही. घरच्यांना दिसलं नाही, शेडला दिसलं नाही. सगळा कारखाना ज्या मापाने लोखंड जोखत होता ते मापच झिजलं होतं, आणि अश्विनीने त्या झिजलेल्या मापाला बेताची बसेल अशी मोटर मोठ्या हुशारीने कातून काढली होती.

आता गप्प बसणं किती सोपं होतं! पट्टी लागली होती. काकासाहेबांच्या तोंडात जिलेबी होती. आप्पा, म्हणजे तिचे वडील, डीलरांना बॅटरी दाखवत होते, आणि आवाजात जो ठसका होता तो तिने फार वर्षांत ऐकला नव्हता. राहुरीच्या सपाट रानात ती गाडी सुखाने चालली असती. पण अश्विनीला स्वतःचा असा काही राग आला, की तिला गप्प बसताच येईना.

“आप्पा, ही परीक्षा धरू नका,” ती म्हणाली.

“काय?”

“आईचं वजन कमी झालंय. खूप. आई आता पूर्वीची आई नाही. पाऊण सुमनबाईसुद्धा नाही. मी तिच्यावरूनच गाडी बांधली. श्रीमंतमामा, पट्टी काढा.”

श्रीमंतने एकदा मालकाकडे बघितलं, एकदा ताईकडे, आणि स्क्रूड्रायव्हर पाठीमागे लपवला. भीमराजचा चेहरा बदलत बदलत तांबडा झाला.

“म्हंजे मागच्या दोन गाड्याबी मी खोट्याच पास केल्या म्हन की!”

“आप्पा, त्या पेट्रोलच्या हुत्या,” श्रीमंत मध्ये पडला. “त्यांच्यावर म्हैस बसवली तरी वर आल्या असत्या.”

“म्हैस न्हाई, बाजरी बसव! पुढल्या आठवड्यात दोन्ही गाड्या हितं आन. मी बघतो.” मग तो पोरीकडे वळला. “अन् तुला हे आत्ता सुचलं? सगळ्यांच्या म्होरं?”

“मला आत्ता कळलं, आप्पा. आईला उचलल्यावर.”

यावर सुमनबाईला हसू फुटलं. ती दगडावर टेकली होती आणि जिलेबीकडे नुसतं बघत होती, कारण शुगर. “मला काय ठावं, तुमी अजून मला जुन्या भावानं धरताय! मी तर कवाच उतरले. ब्लाऊज चार डाव आत घेतले, कुनाच्या बापाच्या ध्यानात आलं न्हाई.” मग ती गंभीर झाली. नवऱ्याकडे बघून म्हणाली, “अवं, पोरगी बराबर बोलतीया. त्या दिशी मी एकली हुते का? मी हुते, मांडीवर बाजरी हुती, अन् ही पोटात हुती. ती सगळी बसली पायजे गाडीवर, तर घाट खरा.”

भीमराजने हेल्मेट उचललं आणि डोक्यात घातलं. “खाली चला,” म्हणाला.

श्रीमंतने पट्टी काढून खिशात घातली. करंजीत एका खळ्यावर बाजरी भरणं चालू होतं. त्या शेतकऱ्याकडून पोतं मागून घेतलं. त्याला वाटलं, विकत घेतायत, आणि तो भाव सांगायला लागला. गाडीची परीक्षा घ्यायला पाहिजे म्हटल्यावर मात्र त्याने हौसेने स्वतःच शिगोशीग भरून दिलं. ते स्कूटरवर भीमराजच्या पायापाशी उभं केलं. मग सुमनबाई म्हणाली, “आता हिचं,” आणि अश्विनीकडे बोट दाखवलं. तेव्हा अजून थोडी बाजरी एका पिशवीत भरली आणि ती पिशवी सुमनबाईने मांडीवर घेतली.

अश्विनीने श्रीमंतला मागे बसवलं आणि एका डीलरच्या जुन्या पेट्रोलच्या घोरपडीवर ती त्यांच्या मागोमाग निघाली. सुरुवातीला गाडी छान चालली. दुसऱ्या वळणावर थोडी मंदावली. उन्हाचा तडाखा होता, रस्ता तापलेला, आणि पुढच्या स्कूटरची पाठ तिला अगदी जवळ दिसत होती. मोटर तापली की आपलं आपण बळ कमी करते, जळू नये म्हणून. ते अश्विनीनेच तिच्यात घातलेलं होतं. तिला आता तो क्षण आवाजावरूनच कळणार होता. ती आवाज ऐकत होती आणि मनात नुसतं म्हणत होती, चल, चल गं बाई.

शेवटच्या वळणाच्या अलीकडे आवाज बसला. स्कूटर चालत्या माणसाच्या वेगावर आली, मग त्याहून खाली, आणि उभी राहिली. भीमराजने दोन्ही पाय टेकले, ब्रेक आवळला. मागून पाथर्डी आगाराची एसटी आली आणि हॉर्न वाजवायला लागली. इतक्या वर्षांची सवय, भीमराज मान न वळवता म्हणाला, “सुमन, उतर.”

“न्हाई.”

“अगं मागं एसटी हाय.”

“एसटीला जाऊ द्या. मी न्हाई उतरत.”

अश्विनी आणि श्रीमंतने धावत जाऊन स्कूटर रेटत रेटत कडेला घेतली, वर सुमनबाई तशीच. एसटीच्या खिडक्यांतून डोकी बाहेर आली. कंडक्टरने विचारलं, “मावशी, काय झालं? या वर, जागा हाय.” सुमनबाई म्हणाली, “तुज्या गाडीत बसायला न्हाई आले मी. माज्या पोरीची गाडी हाय ही.” एसटी गेली. वरून काकासाहेब आणि बाकीचे चालत खाली आले. कुणीतरी छत्री धरली, कुणीतरी चहा आणला, बिनसाखरेचा. भर घाटात, रस्त्याच्या कडेला, मांडीवर बाजरी घेऊन सुमनबाई स्कूटरवर बसून बशीतून चहा प्यायली. भीमराज हँडल धरून उभा होता. तो एकदाच, हळू आवाजात, बायकोला म्हणाला, “त्या दिशीबी तू अशीच बसून राह्यली असतीस तर?”

“त्या दिशी मला कुठं ठावं हुतं, बसून राह्यलेलं चालतं म्हनून,” सुमनबाई म्हणाली.

अश्विनीने ते ऐकलं आणि तोंड फिरवून दरीकडे बघत राहिली.

मंडळी पुन्हा वर गेली, तोवर मोटर निवली. भीमराज बसला, त्याने ब्रेक सोडला आणि हँडल पिळलं. त्या उभ्या चढावर, सगळ्या भारासकट, स्कूटर जागची हलली आणि सरसर वर गेली. वळणापलीकडून आरडाओरडा ऐकू आला. अश्विनी मागून पोचली तेव्हा काकासाहेबांनी जिलेबीचा खोका डोक्यावर धरला होता.

“पास!” ते ओरडत होते. “बाई उतरली का? न्हाई उतरली! गाडीनं जरा दम खाल्ला, मग काय झालं? मानूसबी खातो. आप्पा, नियम काय हाय तुमचा? बाई उतरली न्हाई पायजे. मग उतरली कुठं?”

श्रीमंतने पट्टी खिशातून काढली होती. बाकीचे डीलर माना हलवत होते. भीमराजने पोरीकडे बघितलं, आणि त्या बघण्यात अश्विनीला स्पष्ट दिसलं, की तिने नुसती मान हलवली असती तर तो या वेळी हो म्हणाला असता. नियम त्याचाच होता, आणि पोरीसाठी तो थोडा वाकवायला तयार होता. आयुष्यात पहिल्यांदा.

“नाही काका,” अश्विनी म्हणाली. “आई उतरली नाही, कारण आई हट्टी आहे. गाडी थांबल्यावर दुसरी बाई उतरली असती. मागे एसटी वाजत असली, नवरा उतर म्हणत असला, की सगळ्या बाया उतरतात. आईच्या हट्टावर मी गाडी विकणार नाही. मोटर मोठी लागेल. गाडी जड होईल, ती कशी पेलायची ते मी बघते. आज पट्टी नाही.”

काकासाहेबांनी खोका खाली घेतला. त्यांनी फ्लेक्सची ऑर्डर देऊन टाकली होती, हे नंतर कळलं. शेवटी त्यांनी आपल्या सवयीने भीमराजला विचारलं, “मग मालक, आमी डीलर लोकांनी काय समजायचं? गाडी कवा मिळनार?”

इतकी वर्षं हा प्रश्न भीमराजलाच विचारला जात होता आणि तोच त्याचं उत्तर देत होता. त्याने हेल्मेट काढलं, टक्कल पुसलं. सतरंजीवरचे सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते.

“मला काय इचारता?” तो म्हणाला. “मला नियम मोडायचा मोह झाल्ता आत्ता. तिला न्हाई झाला. आजपासनं घाट तिच्या हुकमावर. मालक कोन ते बघून इचारा की.”

श्रीमंतने ते ऐकलं आणि पट्टी पुन्हा खिशात टाकायच्या ऐवजी, न सांगता, अश्विनीच्या हातावर ठेवली. पितळ उन्हाने तापलं होतं. तिला दोन वर्षं हवी असलेली ती पट्टी अशी, गाडीवर न लागता, तिच्याकडे आली. तिला रडू आवरेना, आणि या वेळी तिने ते लपवलंही नाही. गाडी नापास झाली होती आणि तिला आजच्याइतका अभिमान कधी वाटला नव्हता. आईचा, बापाचा, त्या खडूस घाटाचा, आणि थोडा स्वतःचाही.

काकासाहेबांनी टोपी सारखी केली आणि तिच्याकडे वळून, अगदी रीतसर, पुन्हा विचारलं, “मालक, गाडी कवा?”

“हुरडा निघेल तेव्हा,” अश्विनीने डोळे पुसत सांगितलं. “सगळ्यांनी इथेच यायचं. आणि आई, तोवर तू नीट जेवायचं.”